वावरातल्या रेकॉर्डिंगखालची घुंऽऽ : हवेतली की वायरमधली?

पहाटे पाचला पांदणीवर उभं राहून हेडफोनमध्ये सगळं साफ ऐकू येतं: टिटवी, बंडीच्या चाकाची करकर, गावाकडून येणारा सामुदायिक प्रार्थनेचा भोंगा. घरी फाइल लावली की या सगळ्याखाली एक सपाट घुंऽऽ. फिल्टर मारून ती काढली तर बंडीचा दणका पोकळ होतो, आणि पुढच्या खेपेला त्याच धुऱ्यावर (बांधावर) ती पुन्हा हजर असते. त्यातही चक्रावणारी गोष्ट ही, की तेच सामान, तीच जागा, तरी मंगळवारचं रेकॉर्डिंग स्वच्छ निघतं आणि शनिवारचं घुमतं. मग माइक बदला, केबल बदला, रेकॉर्डर बदला असा खर्च सुरू होतो, आणि बहुतेक वेळा तो वाया जातो.

वाया जातो कारण ही घुंऽऽ एक नाही. निदान सहा-सात निरनिराळ्या गोष्टी कानाला जवळपास सारख्याच लागतात. त्यांतल्या काही हवेतून माइकपर्यंत पोचतात, म्हणजे तो त्या जागेचा खरा आवाज आहे. बाकीच्या वायरीतून, शील्डमधून (केबलीतल्या तारेभोवतीच्या धातूच्या जाळीतून) किंवा चार्जरमधून शिरतात, म्हणजे तो सामानातला दोष आहे. हवेतल्या घुंऽऽवर जागा किंवा वेळ बदलायची, वायरीतल्या घुंऽऽवर पाना-पक्कड हातात घ्यायची. कोणती आहे हे न बघता दोन्हींवर एकच नॉच फिल्टर (ठरावीक सुरापुरतीच अरुंद खाच पाडणारा) चालवला जातो, म्हणूनच दुखणं परत परत येतं.

जागेवर ती ऐकू का येत नाही, याचं कारण साधं आहे. हळू आवाजात माणसाचा कान खर्ज फार कमी पकडतो, आणि उघड्यावर छोट्या हेडफोनमधून खर्ज निसटतोही. घरी आवाज वाढवला की तोच खर्ज वर येतो.

आधी ती फाइलमध्येच आहे ना, ते पाहा

हे विचारायला बावळट वाटतं, पण पुष्कळदा घुंऽऽ फाइलमध्ये नसतेच. लॅपटॉप चार्जरला लावलेला, त्यातून स्पीकर किंवा अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या बोर्डावर, आणि घराचं अर्थिंग नावापुरतं, अशा जुळणीत घुंऽऽ ऐकण्याच्या बाजूलाच तयार होते. चार्जर काढा, स्पीकर सोडा, साधे वायरचे हेडफोन लावा आणि ऐका. गेली, तर रेकॉर्डिंगला दोष नाही. उन्हाळ्यात कूलरही बंद करा. कूलर चालू ठेवून ऐकणारा माणूस खर्जाबद्दल जो निर्णय घेतो तो हमखास चुकतो.

अर्थिंगबद्दल एक गोष्ट आपल्याकडे विशेष लागू आहे. काळी माती ओली असताना वीज चांगली वाहून नेते, पण एप्रिल-मे मध्ये ती आक्रसते, तिला भेगा पडतात आणि अर्थिंगच्या सळईपासून ती सुटते. हिवाळ्यात शांत असलेली जुळणी नवतप्यात घुमायला लागली तर आधी अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी टाकून बघा.

स्पेक्ट्रम वाचणं

फाइलमध्ये आहे हे पक्कं झालं की ऑडॅसिटीत (आवाज संपादनाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये) दहा-वीस सेकंदांचा असा तुकडा निवडा ज्यात घुंऽऽशिवाय फारसं काही नाही. अ‍ॅनालाइज मेनूमधून प्लॉट स्पेक्ट्रम उघडा. इथे साइझचा आकडा महत्त्वाचा. २०४८ ठेवला तर ४८ किलोहर्ट्‌झच्या फाइलमध्ये दर २३ हर्ट्‌झला एकच बिंदू मिळतो आणि खर्जात नुसता डोंगर दिसतो. ६५५३६ करा, म्हणजे बिंदूंमधलं अंतर पाऊण हर्ट्‌झच्या आत येतं आणि सुळके वेगळे होतात. आडवा अक्ष लॉगवर ठेवा.

सर्वांत उंच सुळका ५० ला आणि मग १५०, २५०, ३५० असे विषम पट दिसले, तर विजेचा शिरकाव वायरीतून झाला आहे. ५० जवळपास नाहीच आणि १००, २००, ३०० उंच आहेत, तर बहुतेक डीपीचा, म्हणजे वावराजवळच्या ट्रान्सफॉर्मरचा, खरा आवाज आहे. ट्रान्सफॉर्मरच्या आतली लोखंडी पत्र्यांची गाभा-चळत चुंबकीकरणाने किंचित ताणली-आक्रसली जाते, आणि विजेच्या प्रत्येक फेऱ्यात हे दोनदा होतं. म्हणून लाइन ५० हर्ट्‌झची असली तरी डीपी १०० ला गुणगुणते. मात्र १०० चा सुळका चार्जरच्या आतल्या रेक्टिफायरमुळेही येतो, त्यामुळे खालची बॅटरीची चाचणी केल्याशिवाय डीपीवर शिक्कामोर्तब करू नका.

सुळका ४८ च्या आसपास, कधी त्याच्या जोडीला ९६, तर ती मोटार. सबमर्सिबल पंपाची दोन पोलची मोटार लोडवर मिनिटाला साधारण २८८० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ४८. विहिरीच्या काठावरच्या चार पोलच्या मोटारीचे फेरे १४४० च्या आसपास, म्हणजे २४ हर्ट्‌झ. हा आकडा कानापेक्षा अंगाला जास्त कळतो.

सुळका कुठलाच नाही, फक्त १०० च्या खाली उठणारा-बसणारा फुगवटा आहे, तर तो वारा. दर सेकंदाला किंवा त्याहून थोड्या जास्त अंतराने एक टोकदार टक् येत असेल, तर ते कुंपणाच्या तारेत विजेचे ठोके सोडणारं झटका मशीन. आणि २१७ हर्ट्‌झवर टर्र-टर्र असे तुकडे असतील तर टू-जी वर चालणारा कोणाचा तरी बटणाचा मोबाइल.

लॅपटॉप जवळ नसेल आणि गावात भजनी मंडळाची पेटी असेल तर तीही काम करते. पेटी ४४० ला मिळवलेली असेल तर मध्य सप्तकातली पांढरी पाच ३९२ हर्ट्‌झला बोलते. ५० चा आठवा पट ४००, म्हणजे लाइनची घुंऽऽ पांढरी पाचच्या जरा वर पडते. ४८ चा आठवा पट ३८४, म्हणजे मोटार तिच्या तेवढीच खाली. फाइल लावा, पांढरी पाच धरून ठेवा आणि घुंऽऽ चढी वाटते की उतरती ते ऐका. चढी असेल तर वीज, उतरती असेल तर मोटार. हार्मोनियम वाजवणाऱ्याच्या कानाला हा फरक पटकन कळतो. पेटी बेसूर असेल तर मात्र या चाचणीच्या नादी लागू नका.

जागेवरच्या तीन चाचण्या

पहिली, बॅटरी. रेकॉर्डरला लावलेली चार्जरची, पॉवर बँकेची, लॅपटॉपची प्रत्येक वायर काढा आणि आतल्या सेलवर एक मिनिट रेकॉर्ड करा. पॉवर बँकही सोडू नका. तिच्या आतल्या सर्किटची किणकिण बारीक सुरात शिरते.

दुसरी, खोटा माइक. केबल तीच, जागा तीच, गेन (रेकॉर्डिंगचा आवाज वाढवणारं बटण) तोच, फक्त माइकच्या जागी रेझिस्टर. एक्सएलआरला (तीन पिनांच्या माइक-प्लगला) दोन आणि तीन नंबरच्या पिनांमध्ये १५० ते २०० ओहम. साडेतीन मिलिमीटर पिनच्या छोट्या इलेक्ट्रेट कॅप्सूलसाठी कॅप्सूलच्या जागी २.२ किलोओहम. आता या केबलला कान उरलेला नाही. तरीही घुंऽऽ तशीच, तर ती वायरीत आहे, यात दुमत नाही. रेझिस्टर पाच-दहा रुपयांत येतो. तो प्लगमध्ये कायमचा सोल्डर करून पिशवीत ठेवा. तीनपैकी एकच चाचणी करायला वेळ असेल तर हीच करा.

माइक गोधडीत गुंडाळून बघण्याचा सल्लाही दिला जातो. तो फसवा आहे. ५० किंवा १०० हर्ट्‌झला गोधडी असली काय आणि नसली काय, सारखंच. त्यातून वरचा आवाज दबतो, घुंऽऽ जशीच्या तशी राहते आणि आपण उगाच वायरीला दोष देतो.

तिसरी, चाल. संशयित डीपीपासून १० मीटर, २० मीटर, ४० मीटरवर प्रत्येकी अर्धा मिनिट, गेनला हात न लावता. हवेतला आवाज उघड्या जागेत अंतर दुप्पट झालं की सुमारे ६ डेसिबलने उतरतो. आकडे या चालीने उतरले तर आवाज खरा. अंतर बदलूनही काही फरक नाही, पण केबल वळवली किंवा माइकची दिशा ९० अंशांनी फिरवली की घुंऽऽ कमी-जास्त होते, तर ते चुंबकीय क्षेत्र आहे. गुंडाळी असलेले डायनॅमिक माइक स्टार्टरच्या पेटीजवळ याच कारणाने घुमतात. तिथे तांब्याच्या जाळीचं शील्ड काही कामाचं नाही. ५० हर्ट्‌झचं चुंबकीय क्षेत्र त्यातून आरपार जातं. लांब जाणं आणि केबल विजेच्या वायरीला समांतर न नेता काटकोनात ओलांडणं, एवढेच उपाय.

या सगळ्या चाचण्यांत रेकॉर्डरचा लो-कट (खर्ज कापणारा फिल्टर) बंद ठेवा. तो चालू असेल तर पुरावाच खरवडला जातो.

मंगळवारी नाही, शनिवारी आहे: हे का होतं

शेतीच्या फीडरवर (पंपांना वीज देणाऱ्या लाइनवर) थ्री फेज चोवीस तास नसतं. काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री अशा पाळ्या लावलेल्या असतात. बऱ्याच गावांत गावठाणाचा फीडर वेगळा आहे, म्हणून घरात दिवे असतात आणि वावरातली डीपी मात्र मुकी असते. तुमचं मंगळवारचं रेकॉर्डिंग लाइन नसलेल्या रात्रीचं होतं, बस. वायरमनकडून त्या फीडरच्या पाळ्या विचारून घ्या आणि वहीत लिहून ठेवा. कोणत्याही प्लगिनपेक्षा हा कागद जास्त घुंऽऽ कमी करतो.

त्यात हंगाम मिसळतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी गहू-हरभऱ्याला पाणी चालू असतं, आणि रात्रपाळीची लाइन आली की ऑटो स्विचवर ठेवलेले पंप मागोमाग उचलतात. वर थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची त्यामानाने उबदार असते. अशा हवेत आवाज वर निघून न जाता खाली वाकतो आणि दूरवर पोचतो. त्यामुळे दिवसा ज्याचा मागमूसही नसतो असा पंप रात्री शेजारच्या वावरात असल्यासारखा वाजतो. हाच नियम तुमच्या फायद्याचाही आहे: लांबची भजनं, रेल्वे, कोल्हेकुई डिसेंबरच्या रात्रीच सर्वांत सुंदर मिळतात. फक्त ती लाइन नसलेल्या रात्री घ्यायची.

डीपी टाळता येत नसेल तर मागून कमी ऐकणारा कार्डिऑइड माइक वापरा आणि त्याची पाठ तिच्याकडे करा. खर्जात या युक्तीने थोडंच साधतं, पण साधतं. भिंत जवळ असेल तर आणखी एक गंमत आहे. डीपीकडे तोंड करून असलेल्या भिंतीला चिकटून ठेवलेल्या माइकला १०० हर्ट्‌झ दुपटीने मिळतो, आणि भिंतीपासून ८५ ते ९० सेंटिमीटरवर तोच सूर बराच दबतो, कारण तिथे जाणारी आणि परतणारी लाट एकमेकींना खातात. ३०० चा सूरही तिथे दबतो, २०० चा मात्र वाढतो. माइक वीतभर पुढे-मागे करत ऐका, जागा सापडते.

डीपीच्या खांबाला, तिच्या ताणाला किंवा कुंपणाला कॉन्टॅक्ट माइक (वस्तूला चिकटवून तिची कंपनं ऐकणारा) लावायचा मोह अजिबात नको. जिवाशी खेळ आहे.

सौर पंप आणि झटका मशीन

हे दोन पाहुणे आता इतके झाले आहेत की त्यांना वेगळी जागा द्यायला हवी. सौर पंपाचा सूर ५० ला बांधलेला नसतो. त्याचा कंट्रोलर उपलब्ध उन्हाप्रमाणे मोटारीचा वेग बदलतो. सकाळी सूर खाली, दुपारकडे चढत जातो, ढग आला की उतरतो. ५० आणि १०० चा नॉच लावून हा जात नाही म्हणून सामानात दोष शोधणारे बरेच असतात, दोष नसतो. शिवाय कंट्रोलरमधून काही हजार हर्ट्‌झची बारीक शिट्टी निघते. ती हवेतूनही येते आणि पॅनलच्या वायरींवरून लांबलचक माइक-केबलीतही शिरते. कंट्रोलरच्या पेटीपासून केबल दूर न्या, पॅनलच्या वायरीच्या शेजारून तर नाहीच.

हा सूर काढून टाकण्यापेक्षा गोळा करण्याजोगा आहे. एकाच जागी, एकाच गेनवर, सकाळी सातपासून अकरापर्यंत दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं घ्या. नऊ तुकडे एकापुढे एक जोडले की सूर्य वर चढताना ऐकू येतो. ढगाळ दिवशीची फाइल त्याहून सरस.

झटका मशीन रानडुक्कर आणि रोह्यांसाठी (नीलगायींसाठी) धुऱ्याच्या तारेत ठोके सोडतं. ते अगदी आखूड पण हजारो व्होल्टचे असतात, त्यामुळे तार हीच अँटेना होते आणि तिच्या बाजूने गेलेल्या केबलीत टक्-टक् उमटते. तारेपासून माइक आणि केबल शक्य तेवढी लांब ठेवा, तारेला समांतर केबल टाकू नका. टक् हवेतूनही येऊ शकते: तारेला गवत किंवा ओली फांदी टेकली असेल तर तिथे ठिणगी उडते. ते शेतकऱ्याला सांगा, त्याचंही काम होईल. मशीन बंद करायला सांगण्याआधी पीक कोणत्या अवस्थेत आहे ते बघा; दाणे भरल्यावर एका रात्रीची उघडी वाट फार महाग पडते. काही ठिकाणी कुंपणात थेट लाइनची वीज सोडलेली असते. ते बेकायदेशीर आहे, त्यात माणसं आणि वाघही मेलेले आहेत. रात्री अनोळखी धुरा ओलांडताना वावराच्या मालकाला विचारल्याशिवाय तारेजवळ जायचं नाही.

मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, सोबतच्या माणसाचाही. रेंज कमी असलेल्या गावात फोन टॉवर शोधताना पूर्ण ताकदीने बोलतो, म्हणून जंगलाच्या कडेला हा त्रास शहरापेक्षा जास्त.

वारा

वाऱ्यावर बरंच लिहिलं जातं, इथे थोडक्यात. कॅप्सूलवरचा नुसता स्पंज बोलण्यापुरता असतो. उघड्या वावरात त्यावर फर हवी, आणि फर व कॅप्सूल यांच्यामध्ये मोकळी हवा हवी. साधारण १० सेंटिमीटर व्यासाच्या दोन जाळीच्या गाळण्या तोंडाला तोंड लावून बांधा, माइक आत रबरबँडवर लटकवा, वरून दोन-तीन सेंटिमीटर लांब केसांची नकली फर चढवा. फरचं अस्तर फुंकर मारल्यावर आरपार जाणारं असावं. रबरी अस्तराची फर आवाजच झाकते. माइक उंच स्टँडवर न ठेवता गवतात, जमिनीपासून फूटभरावर ठेवा, तिथे वारा बराच मंद असतो. एवढं करूनही उरलं तर ८० हर्ट्‌झचा लो-कट. वाऱ्याच्या धक्क्याने इनपुटच फाटत असेल तेव्हाच तो रेकॉर्ड करताना लावा. एरवी घरी लावता येतो, आणि रेकॉर्ड करताना कापलेलं परत मिळत नाही.

कॉन्टॅक्ट माइक : सर्वांत हट्टी घुंऽऽ

पितळी चकतीचे पिझो माइक स्वस्त, म्हणून सगळे यापासूनच सुरुवात करतात. बंडीच्या जूवर, कोठ्याच्या टिनावर, ठिबकच्या नळीवर, जिनिंगच्या खिडकीच्या गजावर ते अप्रतिम ऐकतात. आणि सर्वांत जास्त घुमतातही तेच.

तक्रार बहुधा जोडीने येते: घुंऽऽ फार आणि खर्ज गायब, आवाज पत्र्यासारखा. दोन्हींचं मूळ एकाच ठिकाणी आहे. २७ मिलिमीटरची चकती म्हणजे साधारण २० नॅनोफॅरडचा कपॅसिटर. ती १० किलोओहमच्या इनपुटला थेट जोडली तर ८०० हर्ट्‌झच्या खालचं सगळं उतरणीला लागतं. मग खर्ज परत आणायला इक्वलायझर वर चढवला जातो आणि त्याबरोबर ५० ची घुंऽऽही चढते. इनपुट १ मेगाओहमचं असेल तर हीच उतरण ८ हर्ट्‌झला सुरू होते, म्हणजे ऐकण्यापुरता प्रश्न मिटतो.

म्हणून मध्ये बफर हवा, म्हणजे चकतीला मोठ्या ओहमचं इनपुट देणारं छोटं सर्किट. नऊ व्होल्टची बॅटरी, एक जेएफईटी, म्हणजे गेट, ड्रेन आणि सोर्स अशा तीन पायांचा ट्रान्झिस्टर (जे२०१ किंवा २एन५४५७, पाय कसे आहेत ते डेटाशीटवरून पाहा, दोन्हींचे सारखे समजू नका), १० मेगाओहमचे दोन रेझिस्टर, १० किलोओहमचा एक, ०.१ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर आणि १० मायक्रोफॅरडचा एक. दोन्ही १० मेगाओहम बॅटरीच्या धन आणि ऋण टोकांमध्ये एकापाठोपाठ जोडा. त्यांच्या मधला बिंदू गेटला. पिझो ०.१ मायक्रोफॅरडमधून त्याच गेटला. ड्रेन थेट धन टोकाला. सोर्सपासून ऋण टोकापर्यंत १० किलोओहम. सोर्समधून १० मायक्रोफॅरडमार्फत बाहेर, कपॅसिटरचं धन टोक सोर्सकडे. रेकॉर्डरची प्लग-इन पॉवर (माइकच्या पिनेतून दिली जाणारी वीज) बंद करा किंवा लाइन-इन वापरा.

सर्किट प्लास्टिकच्या डबीत ठेवलं तर सगळी मेहनत पाण्यात. एवढ्या मोठ्या रेझिस्टरवर बसलेलं गेट हे उघडं कानच आहे. बामाची किंवा कंपासची पत्र्याची डबी घ्या आणि तिचा पत्रा ऋण टोकाला सोल्डर करा.

चकतीचंही तेच. शील्डेड वायर घ्या. आतली तार मधल्या पांढऱ्या सिरॅमिकला, जाळी पितळेला. सिरॅमिकच्या बाजूवर विजेची टेप, तिच्यावर तांब्याची चिकटपट्टी, आणि ती पट्टी कडेला पितळेशी सोल्डरने जोडलेली. आता चकती सगळीकडून झाकली गेली. सोल्डर करताना सिरॅमिकवर लोह दोन सेकंदांहून जास्त टेकवू नका, चांदीचा थर उपटतो. चकती ते बफर वायर अर्ध्या मीटरच्या आत, बफर ते रेकॉर्डर हवी तेवढी.

तपासणी हाताने. चकतीजवळ हात नेला आणि घुंऽऽ बदलली तर शील्ड कुठेतरी उघडं आहे. रेकॉर्डरच्या किंवा डबीच्या धातूला बोट लावल्यावर घुंऽऽ एकदम उतरली तर जाळीचा जोड सुटला आहे. टिनाच्या छपरावर चकती लावली असेल आणि टिनाला स्पर्श केल्यावर घुंऽऽ बदलते, तर टिनावरून घराची वायरिंग गेलेली आहे. चकतीचं पितळ आणि टिन यांच्यामध्ये दुहेरी चिकटपट्टी ठेवा आणि आधी टेस्टरने टिन तपासा. टेस्टर पेटला तर छपरावरून खाली उतरा, रेकॉर्डिंग नंतर.

इलेक्ट्रेट कॅप्सूलच्या दोन-तारी केबली तीन मीटरच्या आत ठेवा. त्याहून लांब जायचं असेल तर एक्सएलआर आणि बॅलन्स्ड जोडणी. बॅलन्स्ड असूनही घुमते आणि आवाजही नेहमीपेक्षा कमी येतो, तर दोन किंवा तीन नंबरच्या पिनेची तार तुटलेली आहे. केबल फेकू नका. दहात नऊ वेळा तुट प्लगच्या तोंडाशीच असते.

परत जाणं शक्य नसेल तर

पोळा वर्षातून एकदाच येतो, आणि त्या दिवशीची मिरवणूक घुमत असेल तर साफ करण्यावाचून इलाज नाही. क्रम पाळा: आधी नॉच, मग लो-कट, शेवटी गरज पडली तरच नॉइज रिडक्शन.

नॉच ५०, १००, १५० अशा दिसलेल्या सुळक्यांवरच. ५० ला क्यू (नॉच किती अरुंद ते सांगणारा आकडा) ३० ठेवला तर फिल्टरची रुंदी पावणेदोन हर्ट्‌झच्या आत येते. इथे एक मेख आहे. आपल्या ग्रिडची वारंवारता नेमकी ५० वर उभी नसते. नियमात धरलेला पट्टा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्‌झ आहे. ५० वर हा फरक किरकोळ, पण दहाव्या पटावर तो ४९९ ते ५००.५ होतो. तासाभराच्या फाइलमध्ये वरचे सुळके तेवढ्याच रुंदीच्या नॉचच्या बाहेर सरकतात आणि घुंऽऽ अधूनमधून डोकावते. ३०० च्या वरच्या पटांना त्या-त्या ठिकाणचा सुळका बघून पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत फिल्टर लावा. क्यू खूप वाढवला तर बैलांच्या घुंगरांच्या प्रत्येक ठोक्यामागे शेपूट घुमत राहतं; तसं ऐकू आलं की क्यू निम्मा करा.

नॉइज रिडक्शन ६ डेसिबलपुरतं. १२ च्या पुढे रातकिडे पत्र्याचे होतात आणि माणसं पाण्यातून बोलतात.

ठेवायची असेल तर

हवेतली घुंऽऽ, विशेषतः डीपीची, कापण्याआधी एकदा विचार करा. कॅनडाचे संगीतकार आर. मरे शेफर यांनी एखाद्या जागेच्या सतत चालणाऱ्या आणि म्हणूनच कुणाच्या लक्षात न येणाऱ्या आवाजाला कीनोट म्हटलं, आणि विजेच्या गुणगुणीला आधुनिक जगाच्या अशा आवाजांत धरलं. गव्हाच्या ओलिताच्या रात्रीतून पंप आणि डीपी काढली, तर उरतं ते कुठल्याही गावचं कुठलंही रातकिड्यांचं रेकॉर्डिंग.

वायरीतली घुंऽऽ मात्र राखण्याच्या लायकीची नाही. ती हवीच असेल तर मुद्दाम घ्या. फोनच्या रिसीव्हरला चिकटवायची पिकअप कॉइल रेकॉर्डरला जोडून मीटर, स्टार्टर, एलईडी बल्ब यांच्याजवळून फिरवा. जर्मन कलावंत क्रिस्टिना कुबिश हेडफोनमध्येच अशा गुंडाळ्या बसवून लोकांना शहरं ऐकवतात. आपल्याकडे विहिरीवरचा स्टार्टर त्याच पद्धतीने ऐकता येतो. कॉइल प्लास्टिकच्या काठीला बांधा, आणि बंद पेटीच्या बाहेरूनच.

मोटार आणि डीपी एकाच रचनेत वापरताना मोटारीचा ९६ आणि डीपीचा १०० एकत्र आले की सेकंदाला चार ठोके पडतात. ते हवे असतील तर छेडू नका. नको असतील तर मोटारीच्या फाइलचा वेग १.०४२ पट करा, ती लाइनच्या सुरात येते. मोटारीचा सुळका आधी मोजून घ्या. लोडप्रमाणे तो ४७.५ किंवा ४८.५ ही निघतो आणि गुणक बदलतो.

काम गावात वाजवायचं असेल तर आणखी एक. भोंग्याचा कर्णा साधारण ३०० हर्ट्‌झच्या खाली काही देत नाही. ५० आणि १०० ची जपून ठेवलेली घुंऽऽ त्यातून बाहेरच पडणार नाही, फक्त ३००, ४०० चे पट बोलतील. त्यासाठी मंडपवाल्याकडून १५ इंची बेसचा डबा मागवा, आणि तो ज्या बोर्डावर लावाल त्याचं अर्थिंग आधी तपासा.